कौसाबाईची हरकत

विसरवाडीच्या चौफुलीवर नवापूरकडं जाणाऱ्या गाड्या जिथं थांबतात, तिथं कौसाबाई वसावे सतरा वर्षं टोपली घेऊन बसत आली आहे. थंडीत पेरू, उन्हाळ्यात काकड्या आणि कैऱ्या, पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा. एस्टी आली की बाकीच्या बाया ओरडत खिडक्यांकडं पळतात. कौसाबाई पळते, पण ओरडत नाही. टोपली खिडकीपर्यंत उचलून धरते आणि आतल्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहते. त्यामुळं तिचा माल सगळ्यांच्या शेवटी संपतो, पण माणसांचे चेहरे मात्र तिच्या ध्यानात राहतात.

चर्चमध्येही तिची तीच तऱ्हा. चौफुलीपासून चार किलोमीटर आत तिचं गाव. तिथं पत्र्याच्या छपराचं चर्च, बायकांच्या बाजूची शेवटची सतरंजी, आणि सतरंजीच्या टोकाला दाराशी कौसाबाई. दर रविवारी उपदेशाच्या आधी पितांबर पाळक वही उघडून मंडळीच्या बातम्या सांगतात. कुणाला नातू झाला, कुणाचा मुलगा बारावी पास झाला, कुणाच्या घरावर नवे पत्रे पडले म्हणून प्रार्थना ठेवली आहे, कुणाची म्हातारी अंथरुणाला खिळली आहे. वाढदिवस असेल त्याला पुढं बोलावतात आणि सगळे टाळ्या वाजवून गाणं म्हणतात. ज्याला मंडळीनं आपल्यासाठी प्रार्थना करावी असं वाटतं, तो जागेवरून उठून सांगतो. कौसाबाई कधी उठली नाही. तिला सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटला नसता. पण ऐकायला तिला आवडायचं. दुसऱ्यांच्या घरातली बारशी, पेढे, दुखणी ती सतरंजीवर बसून ऐकायची आणि आठवडाभर मनात घोळवायची.

तिची स्वतःची एकच बातमी त्या चर्चमध्ये वाचली गेली होती, तीही सदतीस वर्षांपूर्वी. लग्नाची. लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं मंडळीसमोर वाचायची आणि "कोणाची काही हरकत असेल तर आताच सांगावी" असं विचारायचं, हा नियम तेव्हाही होता. कौसाबाईच्या लग्नाची नावंही तीनदा वाचली गेली. कुणी काही बोललं नाही. लग्न झालं, ती उच्छलच्या बाजूला नांदायला गेली आणि आठव्या महिन्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर एक पोर, बोटाला एक पोर. नवऱ्याची पहिली बायको. कौसाबाई त्याच आठवड्यात बापाकडं परत आली. पुढं कळलं, की मंडळीतल्या तिघांना हे आधीपासून माहीत होतं. "आपण कशाला मध्ये पडा, असं वाटलं," त्यातला एक जण तिच्या बापाला म्हणाला होता. कौसाबाईनं परत लग्न केलं नाही. त्या तिघांवर ती कधी रागावलीही नाही. फक्त त्यांच्यासारखं आपण वागायचं नाही, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मागच्या एप्रिलमध्ये शोभाबाईच्या एस्तेरची नावं वाचायला सुरुवात झाली. शोभाबाई म्हणजे कौसाबाईच्या घरापासून तिसरं घर. एस्तेर नर्सिंग शिकून आलेली, शांत मुलगी. मुलगा बोरपाड्याचा, योनाथान गावित, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्यानं बांधून देणारा. पहिल्या रविवारी कौसाबाईनं नाव ऐकलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या रविवारी मुलगा स्वतः आईबापांबरोबर आला, पाळकांनी त्याला पुढं उभं केलं, मंडळीनं टाळ्या वाजवल्या. कौसाबाईनं मान उंच करून पाहिलं आणि तिचे टाळ्या वाजवणारे हात थांबले.

हा चेहरा तिनं चौफुलीवर कितीतरी वेळा पाहिला होता. दर महिन्याला हा येई, बरोबर एक तरुण बाई आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलगी याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली असे. बाईच्या हातात पिशवी, याच्या हातात पाण्याची बाटली. बस आली की हा आधी चढून जागा धरी आणि खिडकीतून मुलीला आत घेई. एकदा त्यानं कौसाबाईकडूनच पेरू घेतला होता आणि दातानं तोडून मुलीला भरवला होता.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. दोनदा ती शोभाबाईच्या अंगणापर्यंत गेली. तिथं भिंतींना चुना चालला होता, मांडवाच्या बांबूंची मापं घेत होते, आणि शोभाबाईनं तिला हाताला धरून बसवलं, चहा दिला, एस्तेरची साडी दाखवली. "रंग कसा आहे सांग," शोभाबाई म्हणाली. "चांगला आहे," कौसाबाई म्हणाली आणि उठली. पाळकांकडं जावं, असंही तिच्या मनात आलं. पण पाळक विचारतील, तुला कसं ठाऊक, आणि आपली जीभ अडखळेल, या भीतीनं ती गेली नाही. चौफुलीवर चार माणसांना विचारावं, हे तर तिला सुचलंच नाही. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. विचारायचं काय?

तिसऱ्या रविवारी पाळकांनी नावं वाचली आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "कोणाची काही हरकत असेल तर आताच सांगावी." वहीचं पान उलटायला त्यांनी बोट लावलं होतं. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "आहे."

सगळ्या माना मागं वळल्या. कौसाबाई उभी होती. चर्चमधलं बोलणं मराठीत चाले, पण तिला त्या घडीला मराठी आठवेना. ती घरच्या मावची बोलीत बोलली, आणि म्हणूनच म्हाताऱ्या बायांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना शब्द न् शब्द कळला.

"त्या मुलाला बायको आहे. मुलगी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दर महिन्याला बसमध्ये घेऊन जातो."

पाळकांनी वही मिटली. "कौसाबाई, तुझी खात्री आहे?"

"आहे."

एस्तेर तिसऱ्या रांगेत बसली होती. ती वळली नाही. तिनं पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला, एवढंच कौसाबाईला दिसलं. शोभाबाई मात्र उठून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. "मी चौकशी करतो," पाळक म्हणाले, "तोवर ही घोषणा थांबली आहे." त्या दिवशी उपदेश कुणाच्या कानात शिरला नाही.

त्या दुपारी कौसाबाईच्या ओट्यावर बाया जमल्या. पूर्वी कधी असं घडलं नव्हतं. "बरं केलंस, बाई. पोरगी वाचली," असं जी ती म्हणत होती. कुणी तिच्यासाठी भाजी आणली. सगळ्यात शेवटी दलसिंग आला. मंडळीचा जुना पंच, आता काठी टेकत चालणारा. सदतीस वर्षांपूर्वीच्या त्या तिघांतला तो एकटाच उरला होता. तो ओट्याच्या कडेला बसला.

"तेव्हा आम्ही बोललो असतो," तो म्हणाला, "तर तुझं आयुष्य असं गेलं नसतं. आज तू आम्हाला शिकवलंस."

कौसाबाईला रडू आलं. ते सुखाचं रडू होतं, आणि पुढं तिला सगळ्यात जास्त लाज याच रडण्याची वाटली. त्या दुपारचा प्रत्येक शब्द तिनं पोटभर जेवावं तसा घेतला होता. आपल्यालाही मंडळीत जागा आहे, आपल्या बोलण्याला वजन आहे, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं. एस्तेर तिसऱ्या घरात दार लावून बसली होती, आणि कौसाबाई इथं ओट्यावर मान वर करून बसली होती.

सोमवारी ती चौफुलीवर गेली. तिच्या बाजूला अजीजभाईचा फळांचा गाडा असतो. अजीजभाई विसरवाडीचाच, चौफुलीवरचं येणंजाणं त्याला तोंडपाठ. कौसाबाईनं, कधी नव्हे ती, आपण होऊन गोष्ट सांगायला घेतली. त्या मुलाचं नाव काढताच अजीजभाईनं हातातलं टरबूज खाली ठेवलं.

"कोन, योना? अवं, ती त्यानी वयनी शे! त्याना मोठा भाऊ मरी गया ना, दोन वरीस व्हयनात. पोरले रगतना आजार शे, सिकलसेल. दर महिनाले चिंचपाडाना दवाखानामा लई जास तो. बस येस तवलोंग मन्हा गाडाजोडेच उभा ऱ्हास." मग त्यानं तिच्याकडं पाहिलं. "काय व्हयनं, कौसाबाई?"

तिनं टोपली त्याच्या गाड्याखाली सरकवली आणि चालायला लागली. पाच पावलांवरच्या माणसाला विचारलं असतं तर कळलं असतं. सतरा वर्षं ती त्याच्या शेजारी बसत होती.

पाळकांच्या घरी पोचली तेव्हा आत योना बसलेला होता. त्याला रविवारी संध्याकाळीच कळलं होतं. कुणीतरी मंडळीच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं होतं: लग्न थांबलं, मुलाचं आधीचं कुटुंब निघालं, एस्तेरसाठी प्रार्थना करा. खाली हात जोडल्याची चित्रं. तो निरोप एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जात बोरपाड्याला पोचला, आणि तिथून खांडबाऱ्याच्या बाजूला, जिथं योनाची वहिनी रमिला नवरा वारल्यापासून भावाकडं राहत होती.

कौसाबाई दारातच उभी राहिली. "मी चुकले," ती म्हणाली.

योना रागानं ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो खाली बघून बोलला. "मावशी, मला एकदा विचारायचं होतं. मी तुमच्यासमोरच उभा असायचो." आणि मग मान वर करून, "माझं सोडा. माझं लग्न होईल, एस्तेरला सगळं आधीपासून माहीत आहे. वहिनीचं काय?"

एस्तेरला माहीत होतं! कौसाबाईनं पाळकांकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. रविवारी एस्तेर उठून सांगू शकली असती. पण भर मंडळीत तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही, आणि घरी जाऊन तिनं आईला सांगितलं तेव्हा आईनं आधी विश्वास ठेवला नाही.

"रमिलाकडं मी जाऊन येतो," पाळक म्हणाले.

"नको," कौसाबाई म्हणाली. "मी जाते."

बुधवारी ती गेली. दुपारचं ऊन होतं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि रमिला खाली बसून त्यांतला काडीकचरा वेचत होती. मुलगी, सेजल तिचं नाव, सावलीत खाटेवर पडून होती. रमिलानं कौसाबाईला लगेच ओळखलं. "पेरूवाल्या ना तुम्ही?" असं विचारलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावरून कळून चुकलं की पेरूवालीच मंडळीत बोललेली ती बाई आहे. तिचे हात थांबले. भाऊ दारात येऊन उभा राहिला. बसा असं कुणी म्हटलं नाही.

कौसाबाईनं उभ्यानंच माफी मागितली. एक गोष्ट सांगायची नाही असं तिनं बजावून ठेवलं होतं, ती म्हणजे स्वतःच्या लग्नाची. पण बोलता बोलता तेही निघून गेलं: मला असं फसवलं होतं, म्हणून मला वाटलं. आपण आपलं दुःख पुढं करून या बाईकडून दया मागतो आहोत, हे बोलतानाच तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान तापले.

रमिलानं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही बोललात त्याचं मला एवढं नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला ओळखत नव्हता. पण त्या दिवशी माझ्या भावानं मला विचारलं. आत बोलावून, दार लावून विचारलं, हे खरं आहे का. माझ्या भावाला विचारावंसं वाटलं." दारातला भाऊ आत निघून गेला. "योनाला मी नको सांगितलंय. यापुढं पोरीला मीच नेणार."

"मी येत जाईन बरोबर," कौसाबाई घाईघाईनं म्हणाली. "चौफुलीवर तर मी असतेच. बसमध्ये जागा धरीन, पोरीला उचलीन..."

"तुम्ही नको," रमिला म्हणाली. "तुम्हाला पाहिलं की मला तेच ऐकू येईल." आणि ती परत फुलं वेचायला लागली.

पुढच्या रविवारी पाळक उपासनेआधी तिच्या सतरंजीपाशी आले. "तू बसून राहिलीस तरी चालेल. मीच मंडळीला सांगतो."

"मी उभी राहून बोलले होते," कौसाबाई म्हणाली.

बातम्यांची वेळ झाली तेव्हा ती उठली. या वेळी माना वळायला वेळ लागला नाही. गेल्या आठवड्यात ओट्यावर बसलेल्या बाया तिच्याकडं न बघता बसल्या होत्या. दलसिंगनं डोळे मिटून घेतले होते. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला खरं वाटलं होतं, पण ते खोटं होतं. ती त्याची वहिनी आहे. पोरगी भावाची आहे. तो तिला दवाखान्यात नेत होता. मी कुणाला विचारलं नाही. एस्तेरची, शोभाबाईची, त्या मुलाची आणि रमिलाची मी गुन्हेगार आहे." तिनं दाराची चौकट धरली होती. बोलून झाल्यावर बसायचं की उभंच राहायचं, ते तिला कळेना.

"बस, कौसाबाई," पाळक हळूच म्हणाले.

मग त्यांनी वही उघडली. तिसरी घोषणा पुन्हा करणं भाग होतं. योनाथान गावित आणि एस्तेर, दोघांची नावं, दोघांच्या आईबापांची नावं. "कोणाची काही हरकत असेल तर..." आणि अख्खी मंडळी वळून कौसाबाईकडं बघायला लागली. कुणी मुद्दाम बघत नव्हतं. माना आपोआप वळल्या. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीला हसू आलं, तिच्या आईनं तिचं तोंड दाबलं. पाळक तीन-चार श्वास थांबले असतील. तेवढ्या वेळात सतरंजीच्या विणीतला प्रत्येक धागा कौसाबाईच्या नजरेखालून गेला.

लग्न मे महिन्यात झालं. शोभाबाईनं गावात घरोघरी बोलावणं केलं, कौसाबाईच्या घरी स्वतः न येता पुतणीला पाठवलं. कौसाबाई गेली. जेवायला बसली नाही. मांडवामागं भांडी घासणाऱ्या बायांत जाऊन बसली. एस्तेर सासरी निघताना सगळ्यांच्या गळ्यात पडत पडत मागं आली, कौसाबाईला पाहिलं आणि दोन पावलं आधीच थांबली. "येते, मावशी," एवढं म्हणून ती वळली. तिनं एवढं तरी म्हटलं, हे कौसाबाईला पुष्कळ वाटलं, आणि पुष्कळ वाटलं याचीही लाज वाटली.

रमिला दर महिन्याला चौफुलीवर येऊ लागली. एकटी, एका खांद्यावर पिशवी, एका खांद्यावर सेजल. ती रस्त्याच्या पलीकडं, टायरवाल्याच्या पत्र्याखाली उभी राही आणि बस आली की धावत अलीकडं येई. जागा धरायला कुणी नसे. कधी मुलीला उभ्यानंच धरून जावं लागे. कौसाबाई टोपली घेऊन खिडक्यांखालून फिरे, पण त्या एका खिडकीपाशी जात नसे. रमिलानं नको म्हटलं होतं. मदत करायला धावणं म्हणजे पुन्हा आपलंच मन हलकं करणं, असं तिला वाटे. हात आखडून बसणं त्याहून कठीण होतं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात थंडी अचानक वाढली. ऊसतोडीला आणि सुरतेला गेलेली माणसं सणाला परतत होती, गाड्या खच्चून भरलेल्या. त्या सकाळी एक बस थांबली नाही, दुसरी थांबली पण दारातूनच माणसं लोंबकळत होती. पत्र्याखाली सेजल रडत होती. हट्टाचं रडणं नव्हतं ते. दात आवळून, पाय पोटाशी घेऊन कण्हणं होतं. आजार उसळला होता. रमिला एकदा रस्त्याकडं बघे, एकदा पोरीकडं.

कौसाबाईनं टोपली टाकली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. नवापूरकडं जाणारी जीप करकचून थांबली. जीपवाला ओळखीचा होता. "पुढची जागा खाली कर," ती ओरडली. तिचं ते ओरडणं ऐकून अजीजभाईसुद्धा गाड्यामागून बाहेर आला. "दवाखान्याचं पोर आहे, उतर खाली, उतर!" पुढचे दोघे जण बडबडत उतरले.

रमिला आली. जीपमध्ये चढताना मुलीला कुणाच्या तरी हातात देणं भाग होतं. तिनं क्षणभर पाहिलं आणि सेजलला कौसाबाईच्या हातात दिलं. अंग तव्यासारखं तापलेलं होतं. रमिला बसली, तिनं हात पुढं केले, कौसाबाईनं पोर परत दिली. जीपवाल्यानं गाडी सुरू केली.

"तुमच्या मंडळीत रविवारी प्रार्थना घेतात ना?" रमिला म्हणाली. ती समोर बघत होती.

"घेतात."

"पोरीचं नाव द्या. फक्त पोरीचं. माझं नाव तिथं नको."

जीप गेली. कौसाबाई त्याच पावली गावाकडं निघाली. अजीजभाईनं टोपली उचलून गाड्यावर ठेवली.

पाळक चर्चमध्ये नाताळचं तोरण बांधत स्टुलावर उभे होते. "प्रार्थनेला एक नाव आहे," ती खालून म्हणाली. ते उतरले, वही काढली, पेन शोधलं. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा नाव आणलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं असणार, पण त्यांनी सरळ पेन कागदावर टेकवलं.

"सेजल," तिनं सांगितलं. "लहान मुलगी आहे, चिंचपाड्याला दवाखान्यात आहे. एवढंच लिहा."

"आईचं नाव?"

"नको. गावही नको. ग्रुपवरही कुणी टाकायचं नाही, तुम्ही सगळ्यांना सांगा."

पाळकांनी लिहिलं आणि वही तिच्यापुढं धरली. तिला जेमतेम वाचता येत होतं. तिनं ओळीवर बोट ठेवून अक्षरं लावली, दोनदा लावली, त्याहून जास्त काही लिहिलेलं नाही याची खात्री करून घेतली आणि मगच मान हलवली.